आर्गॉनचा उजेड आणि चिमूटभर झेनॉन

द्रवरूप आर्गॉनमधून विद्युतभारित कण गेला की आर्गॉन क्षणभर उजळतो. या चमकेला प्रस्फुरण म्हणतात. कणाने डिवचलेला अणू शेजारच्या अणूशी जोडी जमवतो. जोडी अल्पायुषी, ती फुटली की 128 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश बाहेर पडतो. न्यूट्रिनो हा कण अशाच चमकेवरून ओळखता येतो, पण तो सहसा कशालाच धडकत नाही, म्हणून त्याला पकडायला हजारो टन द्रव लागतो. हवेत जवळजवळ एक टक्का असलेला आर्गॉन तेवढा परवडतो. उणे 186 अंश सेल्सियसला तो द्रव होतो.

त्याचा उजेड मात्र हट्टी. साधी काच सोडाच, तो क्वार्ट्झमधूनही पार होत नाही आणि द्रवातल्या द्रवातच मीटरभरात विखुरतो. शिवाय जोड्या दोन प्रकारच्या असतात. काही सहा-सात नॅनोसेकंदांत फुटतात, तर काही दीड मायक्रोसेकंदापर्यंत रेंगाळतात. द्रवात थोडा जरी नायट्रोजन शिरला, तरी तो या रेंगाळणाऱ्या जोड्यांची ऊर्जा काढून घेतो आणि उजेड पडतच नाही.

झेनॉनही हेच करतो, पण घेतलेली ऊर्जा तो उजेडाच्या रूपात परत देतो. आधी आर्गॉन-झेनॉन अशी मिश्र जोडी बनते, मग झेनॉन-झेनॉन, आणि तिच्यातून सुमारे 175 नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. हा क्वार्ट्झमधून जातो आणि द्रवात कित्येक मीटर फारसा न विखुरता पोचतो. म्हणजे एकाच ऊर्जेसाठी नायट्रोजन आणि झेनॉन यांची शर्यत लागते.

ही शर्यत मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाली ती युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत, फेब्रुवारी ते मे 2020 या काळात. अमेरिकेतल्या ‘ड्यून’ या न्यूट्रिनो प्रयोगाचा नमुना असलेल्या ‘प्रोटोड्यून’च्या टाकीत 720 टन आर्गॉन होता. त्यात दहा लाखांत 5.4 भाग नायट्रोजन मिसळलेला होता. झेनॉन टप्प्याटप्प्याने 18.8 भागांपर्यंत वाढवला. टनामागे हे एकोणीस ग्रॅमही होत नाहीत; दुधाला विरजण याहून कितीतरी जास्त लागते. एवढ्यावर नायट्रोजनने गिळलेला बराचसा उजेड परत आला. प्रकाशग्राहकांपासून दूर पडलेल्या चमकाही अधिक स्पष्ट दिसू लागल्या. नायट्रोजन असल्यामुळे ही चाचणी निखळ आर्गॉनमधल्या चाचणीपेक्षा जास्त बोलकी ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

चिमूटभर भर टाकून उजेड सुधारण्याची युक्ती तशी जुनी. रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी 1948 मध्ये सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात थॅलियम मिसळून ती वापरली. असे स्फटिक मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही वाढवले जातात. तिथल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीजवळचा ‘इस्मरान’ हा शोधकही प्रस्फुरणावरच चालतो, फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या. अणुभट्टीतून आलेला प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचा प्रतिकण, प्रोटॉनवर आदळला की पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन निघतात. पॉझिट्रॉनची चमक लगेच दिसते. न्यूट्रॉन मात्र मंदावत जातो, कित्येक मायक्रोसेकंदांनी पट्ट्यांभोवतीच्या गॅडोलिनियममध्ये अडकतो आणि दुसरी चमक उठते. अशी चमकांची जोडी सापडली, तरच ती घटना प्रतिन्यूट्रिनोची म्हणून विचारात घेतली जाते. इथे ना अतिशीत टाकी लागते, ना झेनॉन. मीटरभर लांबीच्या नव्वद पट्ट्या मिळून इस्मरानचे वजन साधारण एक टन भरते; अणुभट्टी जवळच असल्याने तेवढे पुरते.