रंगवलेली पट्टी

"झिला, बोल्ट तुटलो तर सगळा संपला," मामा तिसऱ्यांदा म्हणाले; आणि पान्यावर हात होता माझा!

मालवणला मामांची एक लहान होडी आहे. तिच्या मागे अडकवायचे आठ अश्वशक्तीचे जुने आउटबोर्ड इंजिन मे महिन्यात सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडे भर उन्हात बंद पडले. बरोबर नात. सत्तरीतल्या मामांनी दोन तास वल्ही मारून होडी किनाऱ्याला आणली. मामींनी त्याच संध्याकाळी निकाल दिला, "इंजिन नीट करा, नाहीतर होडी विका." म्हणून मी रजा काढून गेलो.

दुखणे उघड होते. हे इंजिन समुद्राचेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते व एका बारीक धारेने ते बाहेर टाकते. ती धार करंगळीएवढी होती, ती सुतावर आली होती. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. काम झाल्यावर गोड्या पाण्याने आतून धुतले नाही, तर ते तिथेच वाळून वाटा बुजवतात. पण ऐन उन्हाळ्यात विहिरीचे पाणी इंजिनाला पाजा, असे मामींना सांगणार कोण?

झाकणाला सहा बोल्ट. बोल्ट पोलादी, अंग अ‍ॅल्युमिनियमचे, मध्ये खारे पाणी. म्हणजे न मागता मिळालेली बॅटरीच! तीत अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगून घट्ट बसते. इथे जोर कामाचा नाही. तेल सोडून रात्रभर थांबलो. सकाळी पेट्रोलची टाकी दूर नेऊन ज्योत फिरवली, ती बोल्टावर नव्हे, भोवतालच्या धातूवर. तापलेले अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सुटते. मग पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. पाच निघाले. सहाव्याची मान तुटली. मामा काही न बोलता अंगणात गेले. उरलेला तुकडा मधोमध भोक पाडून, भोक थोडे थोडे वाढवीत काढण्यात अख्खी दुपार गेली.

आतला खर कोमट पाण्याने आणि सिरक्याने निघाला. खरी शरम खाली, पंख्याजवळ होती. तिथले अ‍ॅल्युमिनियम वाळवी लागल्यासारखे खड्ड्याखड्ड्यांचे झालेले. आणि शेजारची जस्ताची पट्टी मात्र कोरी करकरीत. कारण तिच्यावर निळा रंग होता. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत हौसेने तो मीच दिला होता!

ही पट्टी असते खाल्ली जाण्यासाठीच. जस्त अ‍ॅल्युमिनियमच्या आधी झिजते व त्याला वाचवते. पण त्यासाठी ते पाण्यात उघडे हवे. ही युक्ती हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये इंग्रजी आरमाराच्या तांब्याने मढवलेल्या जहाजांसाठी सुचवली. तांबे वाचले, पण विरघळणाऱ्या तांब्याचे विष थांबल्यामुळे जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले. थोरांचीही फजिती होते, एवढाच मला आधार.

मामांना मी कबूल केले. ते पट्टीकडे पाहत राहिले. "रंग मात्र झकास बसलो होतो," म्हणाले.

खड्डे घासून भरले, पंपाचे रबरी चक्र बदलले, बोल्टांना ग्रीस लावले, नवी पट्टी बसवली. पिंपात इंजिन उभे करून दोरी ओढली. चौथ्या ओढीला ते सुरू झाले आणि करंगळीएवढी धार थेट मामींच्या तुळशीपर्यंत गेली. आता रोज दोन बादल्या मामी स्वतः काढून देतात.

परवा मामांचा फोन आला. पट्टी अर्धी खाल्ली गेली आहे. येताना नवी आण, ब्रश आणू नकोस.