नागझिऱ्याच्या वाटेवरून रात्री कोण गेलं?

मचाणावर रात्रभर जागूनही जे दिसत नाही, ते झाडाला बांधलेला एक छोटा डबा टिपतो. गोंदियाच्या जंगलातला हा कॅमेरा ट्रॅप वाघाच्या फोटोपलीकडे काय काय सांगतो?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला मिळावं म्हणून बुकिंगसाठी धडपडणारा एखादा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेलच. रात्रभर जागायचं, डास मारायचे आणि सकाळी सांगायचं, ‘चार चितळं, एक अस्वल, बाकी नुसते आवाज!’ अनुभव भारीच. पण जंगलात वाघ किती, हे त्यातून कळत नाही. एकच वाघ दोन पाणवठ्यांवर गेला, तर मोजणारे त्याला दोन समजणार.

पूर्वी वाघ मोजायचे ते पंजाच्या ठशांवरून. मग राजस्थानातल्या सरिस्कात वाघ फक्त कागदावरच उरलेत, हे २००५मध्ये उघड झालं आणि या पद्धतीवरचा विश्वास उडाला. २००६पासूनच्या देशव्यापी व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅप आले.

प्रकार तसा सोपा आहे. जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर एकेक कॅमेरा बांधायचा. समोरून ऊबदार अंगाचं काही हललं, की सेन्सरला कळतं आणि तारीख-वेळेसकट फोटो निघतो. पण दोन कॅमेरे कशाला? कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात. दोन्ही बाजू मिळाल्या की त्याची ओळख पक्की. आपल्या बोटांच्या ठशांसारखीच. बिबट्याही ठिपक्यांवरून ओळखता येतो. रानकुत्र्यांचं मात्र अवघड! नागझिऱ्यात त्यांच्या टोळ्या दिसतात, पण अंगावर ना पट्टे ना ठिपके. कोण कुठला, कसं सांगणार?

२०१८च्या गणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले होते. निघालेले फोटो जवळपास ३ कोटी ४८ लाख. गिनीज बुकात नोंद झाली. त्यात वाघाचे फोटो होते ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. म्हणजे उरलेल्या कोट्यवधी फोटोंत वाघही नाही आणि बिबट्याही नाही. पण ते फोटो वाया जात नाहीत. सायाळ, उदमांजर, चौसिंगा, खवल्या मांजर अशी मंडळी सफारीत क्वचितच दिसतात. ती इथे आहेत आणि किती वाजता फिरतात, हे या फोटोंतूनच कळतं.

आणि आपल्या जिल्ह्यासाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. जनावर इथून कुठे गेलं?

‘जय’ वाघ आठवतो? जन्म नागझिऱ्याचा. २०१३मध्ये तो वैनगंगा ओलांडून उमरेड-करांडल्यात पोचला. हा नवा वाघ आपल्या नागझिऱ्याचाच, हे कळलं ते कॅमेऱ्यातल्या फोटोंचे पट्टे जुळल्यामुळे. २०१६च्या एप्रिलनंतर जय दिसलाच नाही. पण आपल्या जंगलातून वाघ बाहेर पडतात आणि शेतं, नदी, रस्ते पार करतात, हे त्याने दाखवून दिलं.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला डिसेंबर २०१३मध्ये. नाव एक, पण नवेगाव आणि नागझिरा ही दोन जंगलं सलग नाहीत. मधे गावं आहेत, धानाची शेतं आहेत आणि मुंबई-कोलकाता महामार्ग आहे. मे २०२३मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. वाघ वाढावेत म्हणून केवढा हा खटाटोप! आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात गाडीची धडक बसून एक वाघ मेला.

मग उपाय काय? नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्त्याखालून जनावरांसाठी वाटा ठेवल्या आहेत. ‘वाघ काय पुलाखालून जाणार आहे?’ असं कुणीही म्हणेल. म्हणून तिथे कॅमेरे लावले. २०१९मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात १८ प्रकारच्या प्राण्यांचे ५,४५० फोटो मिळाले. ११ वाघ मिळून ८९ वेळा त्या वाटेने गेले. आता वाद घालायला जागाच नाही! आपल्याकडच्या रस्त्यांवर अशा वाटा कुठे हव्यात, हे ठरवतानाही असाच पुरावा लागणार.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. कॅमेऱ्याला वाघ आणि माणूस यातला फरक कळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायाही त्यात येणारच. उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या परिसरात याबद्दल अभ्यास झाला, तो २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांमुळे तिथल्या बायकांना जंगलात मोकळेपणाने वावरता येईना, असं त्यात दिसलं. कॅमेरा कुठे आहे हे गावाला आधी सांगणं आणि माणसांचे फोटो कुणाच्या मोबाइलवर फिरू न देणं, एवढं तर व्हायलाच हवं.

तुम्हाला यात उतरायचंय? अभयारण्यात परवानगीशिवाय स्वतःचा कॅमेरा लावता येत नाही, तो विचार सोडा. पण ‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावर जगभरातल्या जंगलांतले फोटो घरबसल्या ओळखता येतात. प्राणी ओळखायचा सराव तिथे मस्त होतो. प्राणिशास्त्रवाल्यांइतकीच संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटरवाल्या पोरापोरींची या कामाला गरज आहे, कारण लाखो फोटो वेगळे करणं हे काही एकट्यादुकट्याचं काम नाही. आणि वाघ दिसलाच, तर फोटोसोबत ठिकाण टाकू नका. शिकारीही इन्स्टाग्राम बघतात.

बाकी काही जमलं नाही, तरी एक नक्की जमेल. रात्री कोहमाऱ्याकडे जाताना मुरदोलीच्या जंगलात गाडी हळू चालवा.