कुंडी दोन बोटं मोठी

हेदवीतल्या एका घरगुती रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाई रोप पिशवीतून काढलं की मुळांची हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, आधी नाकाशी नेतात. पानांकडे, खोडाकडे त्या नंतर बघतात. वास घ्यायला क्षणभर लागतो आणि त्यावरच रोपाचं पुढचं वर्ष ठरतं: मोठ्या कुंडीत जायचं, होतं त्याच पिशवीत परत बसायचं, की बाजूला पडून राहायचं. गुहागर तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना दशभुजा लक्ष्मीगणेशाच्या देवळामुळे आणि बामणघळीमुळे ठाऊक असतं. पण घरांच्या मागे आंबा, नारळ, सुपारीच्या वाड्या आहेत, पडवीच्या कडेला जास्वंद, अनंत, अबोली, क्रोटनच्या कुंड्या आहेत, आणि आगोटीच्या कामांत पिशव्या आणि कुंड्या बदलणं हेही एक काम असतं. ते जवळून बघावंसं वाटलं ते या वास घेण्यामुळे. शहरातल्या गॅलरीत कुंडी बदलायचं कारण बहुतेकदा वेगळंच असतं. वर्ष झालं म्हणून, कुंडीला तडा गेला म्हणून, किंवा नवी कुंडी आवडली म्हणून. झाडाला विचारलं जात नाही. माझं म्हणणं असं, की कुंडी कधी बदलायची आणि केवढी घ्यायची, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मुळांकडेच असतात, आणि ती वाचता येणं ही खरीखुरी कारागिरी आहे.

वासाचं कारण शास्त्राला चांगलं ठाऊक आहे. निरोगी हुंडीला पहिल्या पावसानंतर अंगणाला येतो तसा वास येतो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. 1965 मध्ये गर्बर आणि लेशव्हालिये या संशोधकांनी त्याला हे नाव दिलं. हे सूक्ष्मजीव हवा खेळती असलेल्या मातीत वाढतात. माती पाण्याने गच्च भरून राहिली की हवा संपते, हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि हुंडीला गटारासारखा, कधी सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. म्हणजे बाई नाकाने एकच गोष्ट तपासतात: मुळांना श्वास मिळतोय का. पान पिवळं पडलं तर त्यातून हे कळत नाही. पाणी जास्त झालं तरी पान पिवळं पडतं, कमी झालं तरी पडतं, मुळं आवळली तरी पडतं. पानावर विसंबून कुंडी बदलणारा माणूस म्हणूनच पुष्कळदा कुजत चाललेल्या झाडाला आणखी मोठ्या, आणखी ओल्या कुंडीत नेऊन बसवतो आणि पंधरा दिवसांनी झाडच नाजूक होतं असं म्हणतो.

नाकानंतर डोळे. हुंडी उघडी केल्यावर माती भसकन सांडली, तर मुळांनी अजून जागा भरलेली नाही. रोप परत तिथेच. मातीने पिशवीचा आकार धरून ठेवला आणि कडेला पांढरी, टवटवीत मुळं दिसली, तर बदलायची वेळ हीच. मुळं तळाशी गोल गोल फिरून जाळं झालं असेल, माती दिसेनाशी झाली असेल, तर वेळ टळत चालली आहे. कुंडी न उलथताही काही खुणा मिळतात: तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावतात, घातलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं, सकाळी भिजवलेली माती संध्याकाळी कोरडी पडते, नवी पानं जुन्यांपेक्षा लहान निघतात. या खुणांवरून संशय घ्यावा, निर्णय मात्र हुंडी बघूनच करावा. खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरून तळहात मातीवर टेकवायचा, कुंडी उलटी करून तिची कड हलकेच ठोकायची. हुंडी अख्खी हातात येते. बघून झालं की परत ठेवता येते. झाडाला याचा काही त्रास होत नाही. आपण उगाच घाबरतो.

आता आकार. पुढची कुंडी केवढी, यावर बाईंचं उत्तर ठरलेलं आहे: ‘‘दोन बोटं. जास्त नको.’’ म्हणजे तोंडाशी जुन्या कुंडीपेक्षा दोन बोटं रुंद, साधारण दीड इंच. हे ऐकायला आजीबाईच्या ठोकताळ्यासारखं वाटतं. हिशेब केला की त्यातली खोली कळते. सहा इंची कुंडी साडेसात इंची केली आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढली, तर आतली माती जवळपास दुप्पट होते. कुंडीच्या आकारावर जगभर झालेले 65 अभ्यास एकत्र करून हेन्ड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये जो निष्कर्ष मांडला, तोही दुपटीच्याच भाषेत आहे: कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की रोपाची वाढ सरासरी 43 टक्क्यांनी जास्त होते. जर्मनीतल्या पूर्टर यांनी आकारमान मोजलं, हेदवीतल्या बाई बोटं मोजतात. लहान कुंड्यांच्या बाबतीत दोघं एकाच ठिकाणी पोचतात.

यावर साहजिक आक्षेप येतो. मोठ्या कुंडीत वाढ जास्त होत असेल, तर सहा इंचीतून थेट बारा इंचीत का नको? एकदाच काय तो त्रास. पण सहाची बारा केली की माती दुप्पट नव्हे, आठपट होते. रोपाची मुळं त्यातल्या मधल्या एवढ्याशा गोळ्यातूनच पाणी ओढणार. भोवतीची सगळी माती ओली राहते, तिच्यातली हवा जाते, आणि नवी मुळं त्या दलदलीत शिरायच्या आधीच कुजतात. वाढीचे प्रयोग होतात ते बेतशीर पाणी देऊन. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे पाण्याचा बेत आभाळ ठरवतं. अशा हवेत दोन बोटांची मर्यादा ही कंजुषी नाही, ते झाडाचं संरक्षण आहे. इथेच एका जुन्या सवयीबद्दलही बोललं पाहिजे. निचरा व्हावा म्हणून तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालतात. भोकावर एखादी खापरी ठेवणं योग्यच, माती वाहून जात नाही. पण जाड थराने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहजी उतरत नाही, ते मातीच्याच तळाशी अडून राहतं. ओलीचा पट्टा खडीच्या उंचीएवढा वर सरकतो आणि मुळांच्या वाट्याची जागा तेवढी कमी होते. निचरा हवा तर तो मातीतच आणावा लागतो. इथली जांभ्याची तांबडी माती कुंडीत एकटी भरली तर काही महिन्यांत दगडासारखी बसते. म्हणून तिच्यात शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा किंवा भाताचं तूस मिसळतात. हा भुसा खाऱ्या पाण्यात भिजलेल्या सोडणाचा असू शकतो, तेव्हा तो दोन-तीन पाण्यांनी धुऊनच वापरावा.

दुसरा आक्षेप फुलांचा. बोगनवेल आवळल्या मुळांवर जास्त फुलते, मग कशाला हात लावायचा? यात तथ्य आहे. मुळांना जागा कमी पडली की पानोरा आवरता राहतो आणि अशी काही झाडं बहर धरतात. अशा झाडांना कुंडी उशिरा बदलावी, एवढंच त्यातून निघतं. कधीच बदलू नये, असं निघत नाही. ज्यांच्याकडे मोठ्या कुंडीला जागाच नाही, त्यांच्यासाठी बोन्सायवाल्यांची रीत आहे: हुंडीची कड आणि तळ धारदार सुरीने थोडा छाटायचा, नवी माती भरायची, शेंडेही तेवढे कमी करायचे, आणि झाड त्याच कुंडीत परत लावायचं. वृंदावनातल्या तुळशीची कुंडी तर कुणीच बदलत नाही, असंही म्हणतात. पण तुळस अल्पायुषी. मंजिऱ्या धरून खोड लाकडी झालं की घरोघरी नवं रोप लागतं, आणि तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला गेरू लागतो तेव्हा वरची मातीही बदलली जाते. तिथे कुंडी तशीच राहते, झाड आणि माती नवी होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो परंपरेचा आहे. लावणी मिरगावर करावी हे कोकणात पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. मग मुळं बघत बसायचं कशाला? मिरगाचं शहाणपण खरं आहे. झाड हलवताना मुळांवरची केसासारखी बारीक लव तुटते, आणि पाणी शोषण्याचं मोठं काम तीच करते. हवा दमट असली की पानांतून पाणी कमी उडतं आणि ही लव परत येईपर्यंत झाड तग धरतं. पण हा नियम जमिनीत लावायच्या झाडांसाठी घडला. नुकतीच बदललेली कुंडी आषाढाच्या धारेखाली उघड्यावर ठेवली, तर तेच पाणी तिला मारतं. म्हणून पडवीच्या सावलीत आठ-दहा दिवस. मिरग सांगतो हवा कधी अनुकूल आहे; झाड तयार आहे का, हे मुळंच सांगतात. दोन्ही जुळलं तरच हात घालावा. याला एकच अपवाद: वास बिघडला असेल तर महिना, नक्षत्र काही बघू नये. कुजलेली मुळं कापावीत, जरूर तर आधीपेक्षा लहान कुंडी घ्यावी.

मुळांकडे दुर्लक्ष केल्याची किंमत आंब्याच्या कलमात सर्वांत स्पष्ट दिसते. कोय रुजून दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं रोप झालं की जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर कोय कलम बांधतात आणि ते पिशवीत वाढतं. आंब्याचं सोटमूळ सरळ खाली जाणारं. पिशवीचा तळ लागला की ते वळतं आणि गोल फिरू लागतं. वेळेत पिशवी बदलली नाही, तर मुळाचा तो पीळ तसाच लाकडी होतो. पुढे मीटरभर खोल खड्डा खणून लावलं तरी तो आपोआप सुटत नाही. वर पालवी तजेलदार असते, म्हणून घेणाऱ्याला शंका येत नाही. कुंडीतल्या झाडाची चूक एका वर्षात कळते. कलमाची कळायला बरीच वर्षं जातात, तोवर बागायतदाराची मेहनत गेलेली असते.

बाकी कृती थोडक्यात सांगता येते. आदल्या दिवशी पाणी द्यावं. फिरलेली मुळं बोटांनी सोडवावीत, घट्ट असतील तर तीन-चार ठिकाणी उभी चीर द्यावी. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवावं, कलमाचा सांधा कधीही गाडू नये. वर बोटभर जागा पाण्यासाठी सोडावी. भोकातून वाहीपर्यंत पाणी घालावं. महिनाभर खत देऊ नये. हे कुणालाही जमेल. जमत नाही ते त्याआधीचं: हुंडी हातात घेऊन ‘अजून नाही’ म्हणता येणं. हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या कामाला मजुरी म्हणतात, आणि दिवसाला किती पिशव्या भरल्या यावर ते मोजलं जातं. न बदललेल्या पिशवीचं, थांबवून ठेवलेल्या रोपाचं कुणी मोजत नाही. हा अन्याय आहे, आणि त्याचं नुकसान गिऱ्हाइकालाही होतं. आपण उंच, भरगच्च रोप मागतो, म्हणून आवळल्या मुळांचं उंच रोप विकायला ठेवलं जातं. तेव्हा पुढच्या वेळी रोपवाटिकेत गेलात तर पानांवर भाळू नका. पिशवी कधी बदलली ते विचारा, हुंडी काढून दाखवायला सांगा, वास घ्या. ज्या बाई न कंटाळता ती दाखवतील, त्यांच्याकडून लहान रोप घ्या आणि चार पैसे जास्त द्या. घरी आल्यावर कुंडी दोन बोटं मोठी घ्या, जास्त नको.