पालींची गुणसूत्रे मोजताना

बोईसर स्टेशनबाहेर दिव्याखाली किंवा सातपाटीच्या एखाद्या पडवीत किडे टिपणाऱ्या पालीकडे कुणी दोनदा पाहत नाही. सगळ्या मिळून एकच ‘पाल’. पण या किनाऱ्यावरच्या घरांत हेमिडॅक्टिलस प्रजातीतल्या वेगवेगळ्या जाती नांदतात आणि त्यांतल्या एकीच्या नावाखाली दीर्घकाळ अनेक जाती दडून होत्या.

रूपावर भरवसा नसला की शास्त्रज्ञ पेशीत डोकावतात. प्राण्याला कोल्चिसिन टोचले की विभागणाऱ्या पेशी अर्ध्यावर थबकतात. गुणसूत्रे तेव्हाच आखूड, जाड आणि सुटी दिसतात. मग सौम्य क्षारद्रावणात पेशी फुगवायच्या, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसेटिक आम्लात स्थिर करायच्या, थेंब काचपट्टीवर टाकून गीम्सा रंग द्यायचा. थेंब नीट पसरला नाही तर गुणसूत्रे एकमेकांवर चढतात आणि मोजणी फसते. खरे कसब इथेच लागते.

१९६९ साली क्लूग आणि एकार्ट यांनी हेमिडॅक्टिलस गार्नोटी या पालीत ७० गुणसूत्रे दाखवली. नेहमीच्या दोनऐवजी तीन संच! या जातीत नरच नाहीत. माद्यांपोटी माद्याच जन्मतात. १९८९मध्ये ओटा आणि हिकिदा यांनी तैवानमधल्या तशाच दिसणाऱ्या पाली तपासल्या, तर गुणसूत्रे भरली ५६. ती जात निराळी ठरली.

आपल्याकडेही हे काम जुने आहे. पुढे पुण्यात वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले टी. एस. महाबळे यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभी जे. जे. असाना यांच्यासह घरातली पाल आणि सापसुरळी यांच्या गुणसूत्रांवर ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले होते.

भारतातल्या ‘हेमिडॅक्टिलस ब्रुकी’ या एकाच नावाखाली दडलेल्या जातींचा गुंता मात्र डीएनएच्या वाटेने सुटला. २०१६मध्ये अपर्णा लाजमी, वरद गिरी आणि प्रवीण कारंथ यांनी डीएनए आणि शरीररचना यांची सांगड घालून त्यातल्या जाती वेगळ्या केल्या. त्यांतली मरेई ही पाल ग्लेडो यांनी १८८७मध्येच, पालघरपासून फार दूर नसलेल्या डांगातून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवली होती.

डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवलेला शेपटीचा तुकडाही पुरतो. गुणसूत्रांसाठी जिवंत, विभागणारी पेशीच हवी. म्हणून काचपट्टी मागे पडली, आणि याची हळहळ वाटते. मायटोकॉन्ड्रियाचे एखादे जनुक वाचून संच दोन की तीन, हे कळत नाही. गार्नोटीसारखी एकच मादी मालासोबत आली तरी वसाहत सुरू होते. ती फ्लोरिडातही अशीच रुजली आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दूरदूरचा माल उतरतो. त्यातून अशी पाहुणी आलीच, तर तिचे तीन संच काचपट्टीवर मोजून घ्यावे लागतील.