गाभ्यात समुद्र शिरू नये म्हणून

नौकेच्या तळाला मुद्दाम भोक पाडायचे म्हणजे वेडेपणाच, असे कुणालाही वाटेल. पण इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घ्यावे लागते, बेसिनचे सांडपाणी बाहेर सोडावे लागते. त्यासाठी नौका किनाऱ्यावर ओढून पाण्याखालच्या भागात भोके पाडतात. प्रत्येक भोकात ब्रॉंझची तोटी, म्हणजे थ्रू-हल फिटिंग, आणि तिच्यावर आतून सीकॉक नावाचा व्हॉल्व्ह बसतो. तोटीच निखळली तर काय होते, याचा हिशोब सोपा आहे. पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटीमीटरवर 38 मिलिमीटरचे भोक उघडे पडले, तर मिनिटाला सुमारे 140 लिटर पाणी आत येते.

हा धोका निदान डोळ्यांना दिसतो. गाभ्याच्या नौकेत दुसराही एक धोका असतो, आणि तो दिसत नाही.

अशा नौकेची भिंत भरीव नसते. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बालसा लाकडाचा किंवा पीव्हीसी फोमचा हलका गाभा असतो. भिंत वाकते तेव्हा एका बाजूचा थर ताणला जातो, दुसऱ्या बाजूचा दाबला जातो; गाभ्याचे काम त्या दोघांना एकमेकांपासून दूर, पण घट्ट बांधून ठेवण्याचे. तेवढ्याच फायबरग्लासमध्ये गाभा घालून भिंतीची जाडी दुप्पट केली, तर ताठरपणा सुमारे सातपट होतो आणि वजन फारसे वाढत नाही. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेल्या ‘म्हादेई’चे अंगही लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवूनच घडवले होते. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

भोक पाडले की मात्र या गाभ्याची कड उघडी पडते. बालसाचे लहान ठोकळे जाळीवर चिकटवलेले असतात, म्हणजे नौकेच्या गोलाईवर ते वळतात. त्यांच्यामधल्या फटी रेझिनने नीट भरल्या नसतील, तर पाणी त्या वाटांनी तोटीपासून दूरवर पसरते. ओलावा 30 टक्क्यांच्या आसपास गेला की बुरशीला रान मोकळे मिळते. लाकूड कुजते, थर सुटतात आणि भिंतीचा ताठरपणा जातो. फोम कुजत नाही. पण नट आवळताना तो चेपतो, मग फिटिंग ढिले पडते.

म्हणून जाणकार कारागीर आधी गाभाच बाजूला करतो. मधोमध बारीक भोक आरपार पाडून जागा पक्की केली, की मोठ्या होल सॉने, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या करवतीने, आतून फक्त आतला थर आणि गाभा कापतो; बाहेरचा थर शाबूत ठेवतो. कापलेला गाभा ओला निघाला, तर कोरडे लाकूड लागेपर्यंत आणखी मागे कोरत जातो. मग त्या खळग्यात सिलिका आणि काचतंतूंचे तुकडे मिसळून घट्ट केलेले एपॉक्सी भरतो, तेही थराथराने. एकदम भरले तर एपॉक्सी घट्ट होतानाची उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही. मिश्रण तापून धुमसू लागते, त्याला तडे जातात. ते पूर्ण कडक झाल्यावरच त्याच्या मधोमध तोटीच्या मापाचे भोक पडते. आता भोकाची कड सगळीकडून भरीव असते. आतून फायबरग्लासची जाड पट्टी चिकटवून, सीलंट लावून तोटी कसायची.

सीलंट तर लावतोच, मग एवढा खटाटोप कशाला? कारण सीलंट कायमचे नसते. इंजिनाची थरथर आणि वय यांनी ते कधी ना कधी सुटतेच. भरीव कडेच्या भोकात ते सुटले, तर पाणी नौकेच्या पोटात ठिबकते. ते दिसते, तोटी काढून पुन्हा बसवता येते. उघड्या गाभ्यात तेच पाणी वर्षानुवर्षे मुरते आणि दुरुस्तीच्या वेळी भिंतच कापावी लागते. जुनी नौका घेणाऱ्याने म्हणूनच प्रत्येक तोटीभोवती प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर ओलावा मोजून घेतल्याशिवाय सौदा करू नये.