घरातली सायकल घेताना

‘‘डॉक्टर, तुम्ही सायकल चालवा म्हणालात म्हणून मुलाने पुण्याहून व्यायामाची सायकल पाठवली. पण गुडघे पूर्वीपेक्षा जास्तच दुखायला लागले!’’ साठी ओलांडलेल्या एक बाई गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात येऊन सांगत होत्या. चूक त्यांची नव्हती, मुलाचीही नव्हती. सायकल कोणती घ्यायची आणि तिच्यावर बसायचे कसे, हे मीच सांगितले नव्हते. ती उणीव आज भरून काढतो.

आपल्या साताऱ्यात फिरायला जायचे म्हणजे चढउतार आलाच. चार भिंतीपर्यंत चढून जाणे निरोगी माणसाला उत्तम. पण झिजलेल्या गुडघ्यांना उतरताना फार त्रास होतो. त्यात पावसाळ्याचे चार महिने. सांगलीकरांना सपाट रस्ते आहेत, आमराई आहे. पण मे महिन्यात ऊन तापले की वयस्कर माणसाने बाहेर पडू नये हेच बरे. अशा वेळी घरातली सायकल उपयोगी पडते. शरीराचा बराचसा भार सीटवर राहतो आणि गुडघ्यांना चालताना बसतात तसे धक्के बसत नाहीत.

दुकानात मुख्यत्वे चार प्रकार दिसतात.

पहिली ‘अपराइट’, म्हणजे आपल्या नेहमीच्या सायकलसारखी. पाठ बऱ्यापैकी ताठ राहते, जागा कमी लागते. बहुतेक घरांना हीच पुरेशी असते.

दुसरी ‘रिकंबंट’. हिला खुर्चीसारखी रुंद बैठक आणि पाठीला टेका असतो; पायडल समोर असते. कंबरदुखी, जास्त वजन किंवा तोल जाण्याची भीती असलेल्यांना ही सोयीची. मात्र ती जागा जास्त अडवते आणि साधारणपणे महागही पडते.

तिसरी ‘स्पिन बाईक’. हिच्यावर पुढे वाकून बसावे लागते. चाक जड असते आणि पुष्कळ स्पिन बाईकमध्ये पाय थांबवले तरी पायडल फिरतच राहते. थांबण्यासाठी ब्रेक लावावा लागतो. धडधाकट तरुणांनी ही जरूर घ्यावी, पण पहिल्याच दिवशी ईर्ष्येने तासभर दामटू नये. क्वचित मांडीचे स्नायू इतके दुखावतात की लघवी चहासारखी गडद होते व मूत्रपिंडांना धोका पोचतो. असे झाल्यास त्वरित डॉक्टरांना गाठावे.

चौथी ‘एअर बाईक’. हिला पंखा असतो आणि हाताचे दांडेही हलतात. जितका जोर लावाल तितकी ती जड होते. व्यायाम सर्वांगाला होतो, पण आवाज मोठा. खांदा आखडला असेल तर ही टाळावी.

सायकल कोणतीही असो, घेण्यापूर्वी दुकानात तिच्यावर बसून पाहावे. किती वजन पेलते ते विचारावे. चुंबकाच्या ताणाची सायकल आवाज कमी करते. घासणाऱ्या पट्टीच्या सायकलीची पट्टी कालांतराने झिजते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, सीटची उंची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवून चालवताना गुडघा खालच्या टोकालाही किंचित वाकलेला राहतो. सीट खूप खाली असेल तर गुडघा फार दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. त्या बाईंचे नेमके हेच झाले होते. घरी होती स्पिन बाईक, सीट अगदी खाली आणि ताण भरपूर. सीट चार बोटे वर घेतली, हँडल उंच केले, ताण उतरवला. महिन्याभराने दुखणे पुष्कळ कमी झाले. नवी सायकल घ्यावी लागली नाही.

सुरुवात रोज दहा मिनिटांनी, हलक्या ताणावर करावी. चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की पुरे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे हिशेब पुरा. मात्र सायकलने हाडांना फारशी बळकटी येत नाही. म्हणून जमेल तेवढे चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही हवा. पडद्यावरचा कॅलरीचा आकडा अंदाजाचाच असतो, त्यावर विसंबून जादा जिलेबी खाऊ नये.

हृदयविकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जवळ साखर ठेवावी. हात थरथरले, दरदरून घाम आला तर थांबून ती खावी. छातीत दुखले, भोवळ आली तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. घरात लहान मूल असेल तर चाक झाकलेली सायकलच घ्यावी, कारण फिरत्या चाकात बोटे सापडतात.

आणि ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत, दाराबाहेर रस्ता मोकळा आहे, त्यांनी पैसे खर्च करण्याआधी महिनाभर रोज चालून पाहावे. तेवढा नेम पाळता आला, तरच घरात आणलेली सायकलही चालेल; नाहीतर तिच्यावर टॉवेल वाळत पडतील.