गर्भनिरोधक गोळी आणि पित्ताशयातले खडे

गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावात जत्रेचं मटण जेवल्यावर बाईच्या पोटात कळ आली, तर घरचे पहिल्यांदा ॲसिडिटीची गोळी हातावर ठेवतात. कळ उजव्या बरगडीखाली असते, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, तास-दोन तास सोडत नाही, उलटीही होते. महिन्याभराने पुन्हा तेच. सोनोग्राफी होते तेव्हा पित्ताशयात खडे सापडतात, आणि ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर संशय त्यांच्यावर जातो. तो अगदीच निराधार नाही.

यकृतात तयार झालेलं पित्त पित्ताशयात साठतं. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं आणि प्रोजेस्टेरॉनच्या गटातल्या संप्रेरकामुळे पित्ताशय सुस्तावतं, नीट रिकामं होत नाही. घट्ट झालेलं पित्त साचून राहिलं की खडा धरायला वेळ लागत नाही. गरोदरपणात हीच दोन संप्रेरकं शरीरात कितीतरी पटींनी वाढतात. म्हणूनच बाळंतपणानंतर पहिल्यांदा खड्यांचा त्रास झालेल्या बायका डॉक्टरांना नेहमी भेटतात. खड्यांच्या धास्तीने गोळी बंद केली, दुसरं साधन वापरलंच नाही आणि दिवस राहिले, तर पित्ताशयावरचा भार उलट वाढतो.

१९७३मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की गोळी घेणाऱ्यांत पित्ताशयाचे विकार सुमारे दुप्पट आढळतात. त्या काळच्या गोळ्या फार जहाल होत्या. १९६०मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. आपल्याकडच्या माला-एनमध्ये ते ३० आहे. १९८२मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनी बरीच वर्षं गोळी घेणाऱ्या स्त्रियांची पाहणी मांडली. सुरुवातीला दिसणारी वाढ पुढे टिकत नव्हती. ज्यांना खडे व्हायचेच होते, त्यांना ते लवकर झाले असावेत, असा तिचा अर्थ. पुढचे अभ्यासही धोका आहे पण लहान आहे, असंच सांगतात. वाढलेलं वजन, झपाट्याने घटवलेलं वजन, चाळिशी, एकापाठोपाठ बाळंतपणं आणि घराण्यातला इतिहास यांचाही वाटा असतो.

शिवाय महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे. गोळी वापरणाऱ्या अगदी थोड्या. म्हणजे इथे खडे झालेल्या बहुतेक बायकांच्या बाबतीत गोळीला दोष देता येत नाही.

तरीही एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि घाईगर्दीच्या ओपीडीत तोच राहून जातो: जेवणानंतर असं कधी दुखलं होतं का? खड्यांचा त्रास चालू असलेल्या बाईला इस्ट्रोजेनची गोळी सहसा देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. पित्ताशय काढलेलं असेल तर मात्र ती साधारणपणे चालते. गरोदरपणात यकृताच्या बिघाडाने अंगाला प्रचंड खाज सुटली असेल, तर तेही आधी सांगावं. कळीसोबत ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पर्याय सरकारी दवाखान्यातच मोफत आहेत. तांबीत संप्रेरक नसतं, त्यामुळे पित्ताशयाला तिची अडचण नाही. तीन महिन्यांतून एकदा घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनात इस्ट्रोजेन नाही, पण प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक आहे, म्हणून ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यावं. आणि पुरुष नसबंदी! थोड्या मिनिटांची, जागा बधिर करून होणारी ही शस्त्रक्रिया बायकोच्या पित्ताशयाला कसलाच धक्का लावत नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रात तिचं प्रमाण एक टक्कासुद्धा भरलेलं नाही.